वैरागड्यांचा स्वीडिश होकार

नरहरी वैरागडेने वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी स्वीडिश भाषा शिकायला घेतली, तेव्हा भिलाईतल्या हथखोजच्या कारखान्यात आणि कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये एकच प्रश्न विचारला गेला. "कावून?" म्हणजे, कशासाठी?

प्रश्न रास्त होता. नरहरीला मराठी येत होती, हिंदी येत होती, भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती छत्तीसगढी येत होती आणि समोरचा माणूस सावकाश बोलला तर इंग्रजीही येत होती. एवढ्या भांडवलावर माणूस भिलाईत सुखाने जन्म काढतो. पण शहाऐंशी साली कारखान्यात स्वीडनहून एक ग्राइंडिंग मशीन आलं, त्याच्याबरोबर ते बसवायला टोरस्टेन नावाचे साहेब आले, साहेबांबरोबर त्यांची बायको गुनवोर आली आणि या सगळ्यांच्या मागोमाग नोटीस बोर्डावर एक कागद आला. मशीन चालवायला शिकण्यासाठी दोन माणसं तीन महिने स्वीडनला पाठवायची. नावं दोन : मारोतराव ठवकर आणि नरहरी वैरागडे. अखेरचा निर्णय टोरस्टेन साहेबांचा. साहेबांना एखादा पसंत पडला नाही, तर ती जागा रायपूरच्या युनिटला जाणार.

कागदाच्या तळाशी एक विचित्र अट होती. जाणाऱ्या माणसाला तिथल्या लोकांत मिसळता आलं पाहिजे. त्यामागे इतिहास होता. आधी कुठूनसे दोघे जण तिकडे गेले होते. ते तीन महिने खोलीत बसून घरचा चिवडा खाऊन परत आले. स्वीडनचे कारागीर म्हणे मशीनच्या खऱ्या खुब्या कामावर सांगतच नाहीत, चहाच्या टेबलावर सांगतात. आणि हे दोघे त्या टेबलापर्यंत कधी पोचलेच नाहीत. म्हणून त्या कंपनीने एक चाळीस पानी चोपडं आणि एक कॅसेट पाठवली होती. त्यात व्याकरण नाही, कविता नाही, हवामान नाही. फक्त चारचौघांत सामील होताना लागणारी क्रियापदं. सोबत येणं, भाग घेणं, मध्येच सामील होणं, मदतीला उभं राहणं, कुणाकडे सहज डोकावणं.

आता सामील होणे ही नरहरीची जन्मजात कमजोरी होती. माणूस लेथवर सोन्यासारखा. केसाच्या जाडीइतका फरक बोटाने सांगायचा. पण कुठे चला म्हटलं की "नाही नाही, मी कशाला, तुम्ही व्हा पुढे" हे वाक्य त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं. रांचीचं ट्रेनिंग असंच गेलं. गणपतीच्या मंडळाचं चिटणीसपद असंच गेलं. त्याला जायचं नसे असं नाही. फार जायचं असे. फक्त कोणीतरी आणखी दोनदा म्हणावं एवढीच त्याची अपेक्षा असे, आणि कारखान्यातल्या लोकांना तेवढा वेळ नसे. त्याची बायको साधना हे सतरा वर्षं पाहत होती. नोटिशीची बातमी ऐकल्यावर ती चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "या टायमाले जर तुमी मी कशाला म्हन्लं ना, तर मी गोंदियाले माहेरी निघून जाईन. खरंच सांगून राहिली."

म्हणून नरहरीने चोपडं मागितलं. चोपडं कारखान्याच्या तांत्रिक ग्रंथालयात होतं आणि ते गेटबाहेर न्यायचं तर मटेरियल गेटपास पाहिजे. गेटवर बाबुलाल नावाचा शिपाई होता. त्याची नियमावर श्रद्धा होती.

"रिटर्नेबल या नॉन-रिटर्नेबल?" बाबुलालने विचारलं.

"रिटर्नेबल. पढ़ के वापस लाऊंगा."

"पढ़ के वापस लाओगे, तो जो पढ़ा वो तो बाहर ही रह गया ना? वो नॉन-रिटर्नेबल हुआ." बाबुलालने पेन्सिल कानावरून काढली. "और ये कॅसेट में क्या है?"

"स्वीडिश."

"कितने नग?"

नरहरीने चोपडं उघडून मोजलं आणि अडतीस क्रियापदं असल्याचं सांगितलं. पासावर 'स्वीडिश, अडतीस नग, चालू हालतमध्ये' अशी नोंद झाली. स्टोअर्सची सही, सेक्शनची सही आणि परत स्टोअर्सची सही, अशा तीन दिवसांच्या यात्रेनंतर भाषा गेटबाहेर पडली. त्या काळात याच गेटमधून लोखंड याहून कमी त्रासात बाहेर जाई, असं लोक म्हणत. आपण त्या वादात पडायला नको.

कॅसेट मिळाली, पण टेपरेकॉर्डर नव्हता. तो शेजारच्या मारोतरावांकडे होता. मारोतराव ठवकर हे सेक्शनमधले सर्वांत जुने, इंग्रजी फाडफाड बोलणारे, मंडळात आभार मानायला कायम उभे राहणारे गृहस्थ. स्वीडनची एक जागा आपली आणि दुसरी बहुधा रायपूरची, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं.

"अबे नरहरी, तिथं सारे अंग्रेजीच बोलतेत," ते टेपरेकॉर्डरवरचं भरतकामाचं झाकण काढत म्हणाले. "तू कायले डोकं फोडून राहिला? ने, पण रिवाइंड करू नको. बटन नाजूक आहे. पेन्सिलीनं फिरव."

"हो भाऊ."

"अन् सेल तुझे."

त्या दिवसापासून संध्याकाळी नरहरीच्या घरातून आवाज येऊ लागले. कॅसेटमधल्या बाईंचं म्हणणं असं, की या क्रियापदांचे दोन तुकडे असतात आणि जोर दुसऱ्या तुकड्यावर द्यायचा. 'हेंगा मेद' म्हणजे सोबत येणं. 'होप्पा इन' म्हणजे कोणाच्या जागी उडी घेणं. 'स्तेल्ला उप' म्हणजे मदतीला उभं राहणं. नरहरी मुळात मेहनती. दुसऱ्या तुकड्यावर तो घण घातल्यासारखा जोर देई. "हेंगा मेद! होप्पा इन!" पलीकडच्या अंजनाबाईंनी तिसऱ्या दिवशी लिंबू आणि मिरच्या आणून दिल्या आणि दारावर बांधायला सांगितलं. कुणी म्हणालं, गुळण्या कर. कुणी म्हणालं, जीभ जड असेल तर अक्कलकाढा चघळ. मारोतरावांच्या सुशीलाबाईंनी तर सरळ सांगितलं, "भाऊजी, त्या साहेबाच्या बाईले एक लुगडं द्या, काम होऊन जाईन."

साधना मात्र भाकरी थापता थापता ऐकून ऐकून पाठ करत होती. आठवड्याभरात नरहरी अडखळला की स्वयंपाकघरातून बरोबर उत्तर येऊ लागलं. नवऱ्याच्या स्वाभिमानाला हे जरा लागलं, पण फुकटची मास्तरीण कोण सोडतो? महिनाभरात अडतीसच्या अडतीस नग तोंडपाठ झाले.

आणि मग परीक्षेची वेळ आली. एका सोमवारी टोरस्टेन साहेब मशीनवरून उतरले, हात पुसले, कॅन्टीनकडे बोट दाखवलं आणि नरहरीकडे बघून म्हणाले, "हेंगर दू मेद?"

नरहरीला सगळं कळलं! येतोस का सोबत? एकूण एक अक्षर कळलं. त्याच्या छातीत आनंद मावेना. उत्तर तयार होतं : 'या, येर्ना', म्हणजे हो, आनंदाने. आणि त्याच आनंदात त्याचे दोन्ही हात आपोआप वर आले, मान डावीउजवीकडे हलली आणि तोंडातून शुद्ध स्वीडिशमध्ये निघालं, "नेइ, नेइ!"

म्हणजे नाही, नाही.

"ओके," साहेब म्हणाले आणि एकटेच चहाला गेले.

नरहरी मशीनपाशी उभा राहिला. तो वाट पाहत होता. आता साहेब वळतील, म्हणतील, अरे चल ना. साहेब वळले नाहीत. त्यांनी चहा घेतला, बिस्किट खाल्लं, आणि परत येऊन कामाला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. हेच नरहरीला जास्त झोंबलं.

गुरुवारी साहेबांनी व्हॉलीबॉलला बोलावलं. "नेइ, नेइ," नरहरी हसून म्हणाला, आणि अर्धा तास मैदानाच्या कडेला उभं राहून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला. रविवारी शिवनाथ नदीवर मासे पकडायला यायचं का, असं विचारलं. नरहरीने या वेळी मुद्दाम एकदाच "नेइ" म्हटलं, म्हणजे साहेबांना आग्रह करायला सोपं जावं. साहेबांनी ओके म्हटलं आणि जीप निघून गेली.

"एकडाव तरी जबरदस्ती करावं का नाही मान्साने?" तो घरी येऊन साधनापुढे फणफणला. "मी काय भुकेला आहो का, पहिल्याच बोलावण्याले धावत जायले? काही रीत आहे का नाही त्या लोकाईले?"

साधनाने लाटणं खाली ठेवलं. "तुमी अडतीस शब्द कशासाठी पाठ केले? नाही म्हनासाठी?"

नरहरीला स्वतःचाच राग आला होता, आणि तो राग काढायला दुसरं कोणी सापडत नव्हतं. शेवटी त्याने ठरवलं, की आपल्याला जाता येत नाही ना, तर साहेबांनाच आपल्यात आणू. जानेवारीत क्वार्टर्समधली मराठी घरं मिळून शिवनाथच्या काठी रोडगे करत. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आगीत भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. असं जेवण एकदा जेवल्यावर माणूस जन्मभर आपला होतो, हा त्यामागचा हिशेब. नरहरीने साहेबांना चोपड्यातलं वाक्य म्हणून आमंत्रण दिलं, आणि आग्रहाची आणखी तीन वाक्यं लिहून खिशात ठेवली होती.

ती खिशातच राहिली. साहेबांनी पहिल्याच फटक्यात "या, येर्ना!" म्हटलं.

ही बातमी क्वार्टर्समध्ये पोचली तेव्हा सगळे अवाक झाले. "एकदाच बोलावलं अन् हो म्हन्लं?" मारोतराव म्हणाले. "काही आढेवेढे नाही?" काही नाहीत. आणि दहाला या म्हटलं होतं, तर साहेब आणि गुनवोरबाई दहाला आले. दहाला! नदीवर तेव्हा फक्त गोवऱ्यांचा ढीग, वांग्याची टोपली आणि एक कुत्रं होतं. मंडळी साडेअकराला आली, तोवर साहेबांनी गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या आणि बाईंनी वांगी धुतली होती.

जेवण सुरू झालं. साहेबांनी दोन रोडगे खाल्ले, पोटावर हात ठेवला आणि स्वच्छ सांगितलं, "नेइ." नको. सुशीलाबाईंनी ऐकलं, पाहुण्याच्या सभ्यतेवर खूश झाल्या आणि तिसरा रोडगा वाढला. साहेब म्हणाले, "नेइ, नेइ." मग साधनाने चौथा वाढला. पाचव्याला साहेबांनी पानावर आडवे हात धरले. अंजनाबाईंनी कौतुकाने ते हात बाजूला केले. सातव्या रोडग्याला साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहा कसे गहिवरले," मारोतराव म्हणाले आणि त्यांनी वरून वाटीभर तूप सोडलं.

सोमवारी साहेब कामावर आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. मशीन बंद, आणि वर्क्स मॅनेजर ओमप्रकाशजींनी नरहरीला केबिनमध्ये बोलावलं.

"वैरागडे, एक्सपर्ट को क्या खिला दिया तुमने? मशीन के साथ गॅरंटी आती है, आदमी के साथ नहीं आती! परसों सिलेक्शन है, और सिलेक्शन करने वाला पलंग पर पड़ा है."

नरहरी केबिनबाहेर आला तेव्हा त्याने स्वीडन मनातून पुसून टाकलं होतं. मारोतरावांनी बाहेर पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे नरहरी. एकच जागा आपल्या सेक्शनले आली तरी पुष्कळ आहे." त्यांनी ते इतक्या प्रेमाने म्हटलं, की नरहरीला रडूच आलं.

पण कोणी आजारी असला तर बघायला जावं, एवढं कोणत्याही भाषेत चालतं. तो ओवा आणि सुंठ घेऊन गेस्ट हाउसवर गेला. साहेब पलंगावर होते, चेहरा कणकेसारखा. आणि ते रागावलेले नव्हते. ते गोंधळलेले होते. सावकाश इंग्रजीत त्यांनी विचारलं, "नरहरी, मी नको म्हणालो होतो ना? मग का वाढत होते?"

"तुम्ही सभ्यतेने नको म्हणत होता म्हणून."

"मी खरंच नको म्हणत होतो."

"पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

नरहरी खुर्चीवर बसला. चहा, व्हॉलीबॉल, मासे, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. म्हणजे या माणसाने त्याला टाळलं नव्हतं. त्याने फक्त ऐकलं होतं! ज्याचं बोलणं नीट ऐकून घ्यायला सतरा वर्षांत कोणाला वेळ नव्हता, त्याचं बोलणं या परक्या माणसाने तीन वेळा खरं मानलं. नरहरीला हसू आलं. त्याने साहेबांना सारं समजावून सांगितलं, निदान जेवणापुरतं. आमच्यात पाहुणा नको म्हणतो, आम्ही वाढतो. गुनवोरबाई खिडकीपाशी इतक्या हसल्या, की त्यांना बसावं लागलं.

गुरुवारी निवड. केबिनमध्ये ओमप्रकाशजी, त्यांच्या शेजारी जरा सडपातळ झालेले टोरस्टेन साहेब, समोर नरहरी आणि मारोतराव. दाराशी, काचेबाहेर, अर्धा सेक्शन काम सोडून उभा.

मशीनवरचे प्रश्न झाले. दोघांची उत्तरं बरोबर. मग साहेबांनी कागद पुढे ओढला आणि नरहरीकडे पाहिलं. "विल दू फोल्या..."

येणार का सोबत, असा तो प्रश्न होता. नरहरीचे हात गुडघ्यांवरून उठू लागले. मान डावीकडे निघाली. सात पिढ्यांची सभ्यता जिभेच्या टोकावर येऊन बसली. नरहरीने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ओरडला, "या! येर्ना! या!"

ओमप्रकाशजींची भुवई वर गेली. काचेबाहेर कोणीतरी "अरे बापरे" म्हणालं. पंगतीत पहिल्यांदा लाडवावर हात टाकणाऱ्याकडे बघतात, तसं मारोतरावांनी नरहरीकडे पाहिलं. पण साहेबांनी कागदावर खूण केली. नरहरीला घाम फुटला होता आणि तो हसत होता.

साहेब मारोतरावांकडे वळले आणि इंग्रजीत तेच विचारलं. मारोतराव उठून उभे राहिले. हात जोडले, मंद हसले आणि सुंदर इंग्रजीत म्हणाले, "नाही नाही साहेब, मी आता कशाला? माझं वय झालं. तरुणांना पाठवा."

"ओके," साहेब म्हणाले आणि पेन उचललं.

मारोतराव हसतच राहिले. पेन कागदाला टेकलं, तेव्हा त्यांच्या हसण्यातला जीव गेला. त्यांना जायचं होतं, फार जायचं होतं. घरी नवा स्वेटर विणून तयार आहे, हे अख्ख्या क्वार्टर्सला ठाऊक होतं. पण उभं राहून, हात जोडून, सगळ्यांदेखत सभ्यपणे सोडलेली जागा माणूस परत कशी मागणार?

नरहरीच्या मनात एक क्षण सगळं आलं. पेन्सिलीने फिरवलेली कॅसेट, पाठीवरचा तो हात. आलं, आणि गेलं. कारण मारोतरावांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते नरहरी सतरा वर्षं आरशात पाहत आला होता.

तो ताडकन उभा राहिला. कॅसेटमधली बाई प्रत्येक धड्यानंतर एकच गोष्ट म्हणायची : पुन्हा एकदा. "फ्रोगा एन गोंग तिल!" नरहरी साहेबांना म्हणाला. पुन्हा एकदा विचारा. "हान विल फोल्या मेद!" त्याला यायचंय सोबत. साहेब बघतच राहिले, तेव्हा त्याने हाताने हवेत रोडगा वाढून दाखवला.

साहेबांच्या डोळ्यांत आधी भीती आली, मग प्रकाश. पेन खाली ठेवून त्यांनी पुन्हा विचारलं.

"कसं जमेल साहेब, घरच्या अडचणी..." मारोतराव म्हणाले. डोळे पेनावर होते, पण रीत म्हणजे रीत.

साहेबांनी नरहरीकडे पाहिलं. नरहरीने तीन बोटं दाखवली. मग टोरस्टेन साहेब टेबलाला वळसा घालून आले, त्यांनी मारोतरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिसऱ्यांदा, केबिन हलेल अशा आवाजात विचारलं.

"आता साहेब एवढा आग्रहच करून राहिले," मारोतराव मान खाली घालून म्हणाले, "तर मोडवत नाही."

काचेबाहेर टाळ्या पडल्या. रायपूरच्या युनिटसाठी तयार ठेवलेला फॉर्म ओमप्रकाशजींनी स्वतः फाडला. बाहेर आल्यावर मारोतराव खाकरून म्हणाले, "नरहरी, तो टेपरेकॉर्डर... तुझ्याकडंच राहू दे. अन् रिवाइंड बी करत जा, काही होत नाही." आणि लगबगीने स्टोअर्सकडे निघून गेले, तिथे त्यांचं काहीच काम नव्हतं.

घरी साधना ओट्यावर उभी होती. बातमी तिला आधीच कळली होती. पण तिला ती नरहरीच्या तोंडून पाहिजे होती. त्याने सगळं सांगितलं. हात कसे मांडीखाली दाबले तेही सांगितलं.

"पहिल्याच दमात हो म्हन्लं तुमी?"

"त्याचा सवाल बी पुरा होऊ देल्ला नाही."

साधनाने पदराने डोळे पुसले आणि हसू दाबत म्हणाली, "आमच्या बाबानं तुमाले चारदा इचारलं होतं, पोरगी पसंत आहे का मनून. चारदा! मी दाराच्या मागं उभी राहून मोजून राहिली होती."

नरहरी खालमानेने चपला काढत होता. तो थांबला. हे तिने सतरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"आता इचार," तो म्हणाला.

"काय?"

मग तिच्या लक्षात आलं. "पोरगी पस..."

"हो," नरहरी मध्येच म्हणाला. "हो म्हन्लं ना. हो."